फुकट खेळण्याची चैन

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधल्या एकाने पुन्हा तीच टेप लावली. "पैसा आला आणि फुटबॉलची वाट लागली. पूर्वी लोक प्रेमापोटी खेळायचे." तिथे मला वेळेवर काही सुचलं नाही (नेहमीचंच), म्हणून इथे लिहितोय.

पूर्वी म्हणजे कधी हो? आणि लोक म्हणजे कोण?

लँकेशायरमधलं डार्वेन घ्या. कापडगिरण्यांचं लहानसं गाव. तिथल्या इंडिया मिलची तीनशे फुटी चिमणी आजही उभी आहे, आणि नाव आपल्याच देशाचं! या गावात १८७० साली फुटबॉल क्लब निघाला. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की खेळायचं, असा सगळा मामला. हा क्लब १८७९ साली एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला. समोर कोण, तर ओल्ड एटोनियन्स. ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांचा नावाजलेला खेळाडू आर्थर किनेर्ड पेशाने बँकर, पुढे लॉर्ड झाला.

सामना लंडनला, ओव्हलवर (हो, क्रिकेटवालंच). डार्वेन ५-१ ने मागे होतं. तिथून चार गोल मारून ५-५! जादा वेळ खेळूया म्हटलं तर एटोनियन्स नाही म्हणाले. मग फेरसामना. तो कुठे? परत लंडनलाच, कारण नियमच तसा होता. दुसरा सामना २-२. तिसराही लंडनला.

आता जरा हिशोब करा. एका महिन्याच्या आसपास तीनदा, तीनशे किलोमीटरहून लांब जायचं आणि यायचं. एटोनियन्सना फार तर घोडागाडी काढायची होती. इकडे खाडा झाला की मजुरी बुडाली. गावाने वर्गणी काढून पोरांना पाठवलं. तिसरा सामना ६-२ ने हरले, आणि एटोनियन्स पुढे कपही जिंकले. याला म्हणायचं प्रेमापोटीचा खेळ!

डार्वेनकडे तेव्हा ग्लासगोहून आलेला फर्गस सूटर होता. धंद्याने पाथरवट. इकडे आल्यावर त्याने ते काम सोडलं. म्हणे इंग्लंडचा दगड फार कठीण, हात सुजतात! मग खायचा काय? सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कागदावर काहीच नव्हतं. मला त्या थापेचं कौतुकच वाटतं. खरं बोलायची सोयच नसेल तर माणूस दगडावर ढकलणार नाही तर काय करणार? (२०२० च्या 'द इंग्लिश गेम' मालिकेत सूटर १८८३ चा कप जिंकताना दिसतो. ते खरं नाही. तो कप ब्लॅकबर्न ऑलिंपिकने जिंकला आणि सूटर त्यांच्यात नव्हता.)

हे मला एवढं का झोंबतं? शिक्षण संपल्यावर एका कंपनीत सहा महिने बिनपगारी ट्रेनिंग होतं. "पॅशन असेल तर कराल," असं सांगितलेलं. मला पुण्यात मामाचं घर होतं, मी केलं. माझ्याहून कितीतरी चांगला कोड लिहिणारा वर्गमित्र दीड महिन्यात लातूरला परत गेला. त्याचं पॅशन कमी पडलं, असं आमच्यातले काही जण अजून म्हणतात.

बरं, पैसे उघड झाल्यावर डार्वेनचं भलं झालं का? अजिबात नाही. सूटर १८८० सालीच शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला होता. १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं कायदेशीर झालं आणि मोठी गावं लहानांना खाऊ लागली. डार्वेन १८९१ मध्ये लीगमध्ये आलं आणि १८९२ मध्ये वेस्ट ब्रॉमविचकडून १२-० खाल्ले. १८९८-९९ च्या मोसमात तर ओळीने १८ सामने हरून लीगबाहेर. मूळ क्लब २००९ मध्ये गुंडाळला गेला, आता त्या जागी नव्या नावाचा क्लब आहे.

सोमवारी मित्र हेच माझ्यावर उलटवणार, माहितीये मला. उलटवू दे. १२-० मैदानावर खाल्ले होते. १८७९ ला मात्र निम्मा सामना रेल्वेच्या तिकीटखिडकीवरच झाला होता, आणि तिथे एटोनियन्सना उभंही राहावं लागलं नव्हतं.