सरड्याला केळ कशाला?

खानदेशात माणसाची पारख दोन गोष्टींवरून होते : त्याच्या घरचे भरीत कसे असते आणि तो पाहुण्याला आग्रह कसा करतो. ‘पोट भरले’ हे शब्द आमच्याकडे कोणी खरे मानीत नाही. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, यजमान त्या हातावरूनच वाढतो, आणि दोघांनाही त्यात समाधान असते. या आग्रहाची निंदा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. दिवाळीच्या दिवसांत तर तो शोभूनच दिसतो. माझे भांडण आहे ते त्याच्या एका शाखेशी. हा आग्रह माणसांवर थांबत नाही. तो घरातल्या मुक्या जिवांपर्यंत जातो. आणि मुक्या जिवाला आडवा हात धरता येत नाही.

उदाहरणादाखल मी एक परका पाहुणा घेतो, म्हणजे कोणाच्या घरची गाय किंवा मांजर दुखावली जाणार नाही. इंग्रजीत त्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. आपण त्याला दाढीवाला सरडा म्हणू. मूळचा तो ऑस्ट्रेलियाच्या पोटातल्या रखरखीत, कोरड्या मुलुखाचा. शेपटीसकट दीड-दोन फूट लांब. राग आला किंवा भीती वाटली, की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते. दाढीचे नाव त्यावरून पडले. स्वभावाने मात्र गरीब. माणसाच्या खांद्यावर तासन् तास बसून राहील. ऑस्ट्रेलिया आपल्याकडचे असे जिवंत प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही; तेव्हा जगभरच्या घरांत आज जे सरडे दिसतात, ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्यांचे वंशज होत. आपल्याकडे देशी पोपट, चांदणी कासव किंवा घोरपड घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे हौस अशा विलायती जिवांकडे वळली, तर नवल नाही. पुण्या-मुंबईच्या हौशी घरांतून दिसू लागलेला हा प्राणी आज ना उद्या जळगाव-धुळ्याला उतरणारच. आणि तो उतरला, की त्याच्यापुढे पहिली वस्तू कोणती येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. केळ!

केळ्याविरुद्ध लिहायचे आणि तेही खानदेशात, हे धाडस आहे, हे मी जाणतो. रावेर, यावल, सावदा, चोपडा या पट्ट्याने अवघ्या देशाला केळी खाऊ घातली. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तापीकाठच्या माणसाला केळ हे नुसते फळ वाटत नाही. ते त्याचे घर, त्याच्या मुलीचे लग्न आणि त्याच्या मुलाचे शिक्षण आहे. पण म्हणूनच मला खानदेशच्या केळीवाल्याशीच बोलायचे आहे, कारण माझे म्हणणे त्याच्याइतके लवकर दुसऱ्या कोणाला समजणार नाही. केळीच्या एकेका झाडाला नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, हे तो ग्रॅममध्ये मोजून देतो. एक कमी पडले आणि दुसरे जास्त झाले, तर झाड हिरवेगार दिसूनही आतून बिघडते, हे त्याला पाठ आहे. मग हाच हिशेब घरातल्या जिवाला का लावू नये?

तो हिशेब असा. सरड्याच्या हाडांना कॅल्शियम, म्हणजे चुना लागतो. अन्नातला चुना स्फुरदाच्या दुप्पट असावा, निदान त्याहून कमी तरी नसावा, असे जाणकार सांगतात. स्फुरद वरचढ झाले, की ते पोटातल्या चुन्याला अडवून धरते. रक्तात चुना कमी पडू लागला, म्हणजे शरीर तो हाडांतून उचलते. घर चालवण्यासाठी घराच्याच भिंतीतल्या विटा काढून विकाव्यात तसे. आता शंभर ग्रॅम केळ्यात चुना सुमारे ५ मिलिग्रॅम आणि स्फुरद सुमारे २२. म्हणजे हवे त्याच्या अगदी उलट, चौपटीहून अधिक तफावत. वर साखर १२ ग्रॅम. पेरूत चुना १८ आणि स्फुरद ४०. आंबा, द्राक्षे, सफरचंद, सगळ्यांत पारडे स्फुरदाकडेच झुकते. पपईत मात्र चुना २० आणि स्फुरद १०. अंजिरात ३५ आणि १४, पण अंजिराला साखर फार. तेव्हा द्यायचेच असेल, तर रावेरच्या केळ्यापेक्षा शहाद्याची पपई बरी. जळगावकरांनी हा पक्षपात मानू नये. आकडे माझे नाहीत, फळांचे आहेत.

आकड्यांचा परिणाम काय होतो, तेही सांगितले पाहिजे, सणाचे दिवस असले तरी. चुना हरवलेल्या सरड्याचा जबडा मऊ होतो. त्याला चावता येत नाही. पाय थरथरतात, वाकतात. मग तो अंग उचलून चालण्याऐवजी पोटावर सरपटू लागतो. नुसते उचलून घेताना हाड मोडू शकते. आणि हे सारे तो एक शब्द न बोलता सोसतो. कुत्रे कण्हते, मांजर कोपऱ्यात जाऊन रडते. सरडा डोळे मिटून बसतो, आणि घरातली मुले म्हणतात, ‘बघा, किती शांत आहे!’ नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगणारा हा जीव वर्ष-दोन वर्षांत जातो. घरचे म्हणतात, त्याला इकडची हवा मानवली नाही. बिचारी हवा!

यावर जी उत्तरे हमखास येतात, ती मला ठाऊक आहेत.

पहिले उत्तर : ‘तो तर आवडीने खातो.’ खाईलच. आपली मुले जिलेबी आवडीने खातात, म्हणून आपण त्यांना तिन्ही त्रिकाळ जिलेबी वाढीत नाही. आवड ही जिभेची असते, प्रकृती सगळ्या शरीराची असते. गोडाची चटक लागलेला सरडा पाल्याकडे तोंड फिरवतो, ही आणखी एक पंचाईत.

दुसरे उत्तर : ‘फळ तर निसर्गाचे आहे, त्यात वाईट काय?’ बाजारातले केळ निसर्गाने जितके घडवले, तितकेच माणसानेही घडवले आहे. पिढ्यान् पिढ्या निवडून त्यातले बी नाहीसे केले, गर वाढवला, गोडी वाढवली, आणि हे सारे माणसाच्या जिभेसाठी केले. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर या सरड्याचे आजे-पणजे किडे खात, पाला खात, फुले खात. कधीमधी एखादे रानफळ मिळाले तर मिळाले. तिथे केळीची बाग नव्हती.

तिसरे उत्तर सर्वांत फसवे आहे : ‘अहो, एवढ्याशा तुकड्याने काय होते?’ याचे उत्तर त्रैराशिकाने द्यावे. पूर्ण वाढलेला सरडा चारशे ग्रॅम धरा. त्याला वीस ग्रॅमचा तुकडा दिला, म्हणजे दोन बोटांचे पेर. वीस ग्रॅम हा चारशेचा विसावा भाग. साठ किलोच्या माणसाचा विसावा भाग तीन किलो. एका बैठकीला तीन किलो केळी खाऊन दाखवा, आणि मग ‘एवढेसे’ हा शब्द उच्चारा.

चौथे उत्तर खास आमच्याकडचे : ‘आमच्या उन्हात सगळे पचते!’ यात अर्धे खरे आहे, म्हणून ते जास्त घातक आहे. सरड्याला ऊब लागते. अंग तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. त्याच्या बसण्याच्या एका जागी ३८ ते ४० अंश ऊब हवी आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा. पण चुना अंगी लागायला नुसती ऊब पुरत नाही. त्याला उन्हातले अतिनील किरण हवेत, आणि खिडकीची काच नेमके तेच अडवते. म्हणजे काचेआडच्या उन्हात ठेवलेला सरडा तापतो, पण त्याची हाडे उपाशीच राहतात. त्यासाठी वेगळा दिवा लावावा लागतो. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे धावतो, तेव्हा काचेची पेटी उन्हात ठेवणे म्हणजे भट्टी पेटवणे होय. उलट धुळ्याच्या थंडीत पारा दहाच्याही खाली उतरतो. दिवाळीनंतरच्या गार रात्री ऊब नसलेल्या सरड्याला कोणी प्रेमाने गोड फळ भरवले, तर ते पचत नाही, पोटातच आंबते. एकाच खानदेशात दोन टोके आहेत. प्राणी पाळणाऱ्याने दोन्ही सांभाळली पाहिजेत.

तेव्हा काय खाऊ घालावे, हेही सांगतो. नुसते ‘नको, नको’ म्हणणे सोपे असते. लहान सरड्याला मुख्यतः किडे आणि थोडा पाला. मोठ्याला मुख्यतः पाला आणि थोडे किडे. मोहरीचा पाला, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, किसलेला लाल भोपळा हे चालते. पालक आणि राजगिरा आपल्याला कितीही पौष्टिक वाटले, तरी त्यांतले आम्ल चुन्याला बांधून ठेवते. ते नेहमी देऊ नयेत. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. शेतातले नाकतोडे पकडून आणण्याची काटकसर करू नये. कपाशीवर काय काय फवारले जाते, हे आपल्याला माहीत आहे आणि नाकतोड्याला माहीत नाही. काजवा तर चुकूनही देऊ नये. काही जातींच्या एका काजव्यातले विषही या सरड्याचा जीव घेते. फळ आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. धुऊन, साल आणि बिया काढून, नखाएवढे तुकडे करून, तेही पाल्यात मिसळून. लिंबू, संत्रे, मोसंबी या आंबट फळांपासून दूर राहावे. आणि अॅव्होकॅडो नावाचे जे लोणकट फळ हल्ली बाजारात मिरवते, ते त्याला विष आहे.

इतका खटाटोप कोणाला झेपत नसेल, तर त्यात लाज नाही. त्याने सरडा पाळू नये, एवढेच. दुकानदार ‘काहीही खातो, काही त्रास नाही’ असे म्हणाला, तर त्याच पावली परत फिरावे. काहीही खाणारा, काहीही सोसणारा आणि कधीही न मरणारा प्राणी फक्त खेळण्यांच्या दुकानात मिळतो. तालुक्याच्या गावी गुरांचा डॉक्टर असतो, पण सरड्याचा जाणकार सहजी सापडत नाही. तो कोठे आहे हे आधी शोधावे, सरडा नंतर आणावा.

कोणी म्हणेल, एका विलायती सरड्यासाठी दिवाळी अंकाची पाने का खर्च करायची? कारण प्रश्न एका सरड्याचा नाही. फराळाचे ताट घेऊन अंगणात बसलेले मूल चिवड्यातला मनुका काढून कुत्र्यापुढे टाकते, आणि आपण कौतुकाने पाहतो. द्राक्षे आणि मनुका खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. माकडाला प्रसाद, गायीला शिळ्या पोळ्यांची चवड, माशांना लाह्यांची ओंजळ. सर्वत्र खाणाऱ्याची भूक कोणी विचारीत नाही, वाढणाऱ्याची हौस तेवढी भागते. आपल्याला जे गोड, ते सगळ्यांना गोड. आपल्याला जे पुण्य, ते सगळ्यांना पथ्य. हे आपण गृहीत धरून बसलो आहोत. याला मी प्रेम म्हणायला तयार नाही. प्रेम करणारा आधी विचारतो, मग देतो. ज्याला विचारता येत नाही, त्याच्याविषयी तो शिकून घेतो.

आणि शिकणे आपल्याला अवघड नाही. ज्या आजीला कोणत्या नातवाला दही बाधते आणि कोणत्याला शेंगदाणे, हे न लिहिता आठवते, तिला सरड्याचे पथ्यही आठवेल. जो शेतकरी केळीच्या पानाचा रंग पाहून कोणते खत कमी पडले ते सांगतो, त्याला सरड्याच्या थरथरत्या पायाचा अर्थ समजायला दोन मिनिटे पुरतील. अडसर बुद्धीचा नाही. आपला हात रिकामा राहिला तर आपण कंजूष दिसू, या भीतीचा आहे. मुक्या प्राण्यापुढे कंजूष दिसायला काय हरकत आहे? तो कोणाला सांगायला जाणार आहे?

या दिवाळीत केळ्याचे घड जरूर आणा. दारी आलेल्या प्रत्येकाला आग्रह करा, आडव्या हातावरून वाढा. ज्याला ‘पुरे’ म्हणता येते, त्याच्यावर आग्रहाची सगळी हौस भागवून घ्या. ज्याला ते म्हणता येत नाही, त्याच्यासाठी तेवढे आपणच म्हणायचे असते.