७५ रुपयांचा गोविंदा

अमेरिकेत दरवर्षी फेब्रुवारीत ‘सुपर बोल’ नावाचा महाउत्सव भरतो. नावाला तो त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना. पण मधल्या सुट्टीतला नाचगाण्याचा जलसा आणि जाहिराती यांचीच चर्चा जास्त. २०२५ साली तिथे तीस सेकंदांच्या जाहिरातीला ८० लाख डॉलरपर्यंत भाव गेला. आमचे काही सुशिक्षित मित्र हे वाचून अमेरिकन माणसाला हसतात. आम्ही त्यांना गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी वर्तकनगरला यायचे निमंत्रण देतो.

ठाणे हे एकेकाळी तलावांचे शहर होते. आता ते थरांचे शहर आहे. २०१२ साली जय जवान पथकाने इथे नऊ थर लावले, गिनेस बुकात नोंद झाली. २०२५ साली कोकण नगर पथकाने दहा थर लावून २५ लाख रुपये घेतले. तेरा वर्षांत एक थर वाढला! त्याच काळात बॅनरवरच्या साहेब, भाऊ आणि दादांचे किती थर वाढले, ते मोजायला मात्र गिनेसवाले आले नाहीत. दहीहंडीत दही किती असते, हेही कुणी विचारत नाही. २०२३ पासून तर ‘प्रो गोविंदा’ लीगही सुरू झाली आहे. म्हणजे संघाला मालक आला. मालक आला की मजूर ओघानेच आला.

तो मजूर कोण? कळवा-मुंब्र्याच्या चाळीतला, कल्याण पूर्वेतला, दिव्याच्या अनधिकृत इमारतीतला पोरगा. एरवी तो कंत्राटावर राबतो आणि सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर लोकलच्या दाराशी रोजचा थर लावतो. तिथे ना सलामी, ना डीजे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ अशाच लोंबकळणाऱ्या प्रवाशांचा थर कोसळला, माणसे मेली. तेव्हा कुठल्याही साहेबाने स्टेज बांधले नाही.

कायद्याचे काय? २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालील मुलांना बंदी केली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. लगेच नौपाड्यात मनसेने कायदेभंगाची हंडी बांधली. कायदेभंग! महाडला डिसेंबर १९२७ मध्ये हजारो माणसे पाण्यासाठी जमली, पण न्यायालयाचा मनाई हुकूम आधीच आला होता, म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि पुढे १९३७ पर्यंत खटला लढवून जिंकला. इथे हंडी चार हात खाली बांधायला सांगितली, तर संस्कृती धोक्यात आली! २०१७ साली उच्च न्यायालयाने चौदा वर्षांखालील मुलांना मनाई एवढेच ठेवले; उंचीचा प्रश्न विधिमंडळावर सोडला. विधिमंडळात कोण बसते, ते वाचकांना ठाऊक आहे. २०२२ साली ठाण्याचेच मुख्यमंत्री झाले आणि दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा झाली.

सरकारने विमाही उतरवला. मृत्यू झाला तर १० लाख. हप्ता माणशी ७५ रुपये. वरच्या एक्क्यापासून तळाच्या पोरापर्यंत सगळ्यांचा भाव एकच, ही समता मात्र आम्हाला मान्य करावी लागते! बसच्या धक्क्याने तोच पोरगा जायबंदी झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणात त्याचे वय, कमाई, उरलेले आयुष्य यांचा हिशेब मांडता येतो. आम्ही असे दावे चालवतो. हंडीतून पडलेल्याला तसे दारच नाही. पॉलिसीच्या कागदात बसला तर बसला. सरावात पडला की बक्षिसाच्या दिवशी, यावर आधी वाद.

काही वर्षांपूर्वी कल्याण पूर्वेतली एक आई आमच्याकडे आली. मुलगा चौथ्या थरावरून पडला, कमरेखाली ताकद गेली. ट्रॉफी मंडळाच्या कार्यालयात, पोरगा घरात खाटेवर. आम्ही मंडळाला नोटीस पाठवली. महिन्याभराने वकिलामार्फत लेखी उत्तर आले, सदर इसम आमचा सभासद नाही व नव्हता. त्याच मंडळाच्या त्या वर्षीच्या शुभेच्छा बॅनरवर, आमदारांच्या पायाशी खालून दुसऱ्या रांगेत, त्याचा नावासकट फोटो आहे. तो बॅनर त्याच्या आईने पावसाळ्यात पत्र्यावर टाकायला म्हणून आणला होता. आता तो आमच्या कपाटात, पुराव्याच्या फाइलीत आहे.