तेल हलाल आहे. पण लेकराला चालेल का?

उरूस असो, इज्तेमा असो की जुम्याची नमाज, बाहेर अत्तराचे टेबल हमखास लागते. अत्तराच्या कुप्या, मिस्वाक, कलौंजीचे तेल आणि सर्दी, डोकेदुखी, पोटदुखी सगळ्यावर चालणारी एक छोटी बाटली. त्यावर दोन गोष्टी ठळक लिहिलेल्या: ‘नैसर्गिक’ आणि ‘अल्कोहोल फ्री’. घेणाराही एकच प्रश्न विचारतो, “भाई, इसमें अल्कोहोल तो नहीं ना?” नाही म्हटले की बाटली खिशात. मीही याहून जास्त कधी विचारले नव्हते.

मागच्या हिवाळ्यात न्हावऱ्यात आमच्याच घरी बहिणीच्या दीड वर्षाच्या मुलाने अशी बाटली तोंडाला लावली. थोड्याच वेळात त्याला झटके सुरू झाले. डोळे फिरले, अंग ताठ झाले. दवाखान्यात नेले, पोरगा वाचला. पण डॉक्टरांनी “बाटलीत काय होतं?” असे विचारले तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडे पाहत राहिलो. बाटलीवर घटक छापलेलेच नव्हते. खाला म्हणाली, “जडीबुटीच तो है, उससे क्या होता?”

माझे भांडण खालाशी नाही, या वाक्याशी आहे.

अशा बाटलीत बहुधा तीन वस्तू असतात: कापूर, पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉल आणि ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल. तिन्ही घन. पण एकत्र केल्या की पाण्याचा थेंब न घालता आपोआप पातळ होतात. म्हणजे बाटलीत पाणी नाहीच, सगळा निव्वळ अर्क. कधी त्यात निलगिरीचे तेलही असते. कापूर चरबीत विरघळतो, म्हणून कातडीतून, नाकातून, पोटातून शरीरात झपाट्याने शिरतो आणि मेंदूपर्यंत जातो. लहान मुलाचा जीव जायला एक ग्रॅमही पुरू शकतो. वीस टक्के कापराच्या तेलाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली, प्यायले की तेवढा कापूर पोटात गेला. अमेरिकेने असे कापूरतेल 1980च्या दशकात बाजारातून हटवले आणि अंगाला लावायच्या औषधांत कापराची मर्यादा 11 टक्क्यांवर आणली. सांधेदुखीवर चोळतात त्या गंधपुऱ्याच्या तेलाची गोष्ट तर याहून भयंकर. त्याच्या एका चमच्यात वीसहून अधिक अॅस्पिरिनच्या गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते.

“दादी-नानी हेच वापरत आल्या,” असे लोक सांगतात. नाही, त्या हे वापरत नव्हत्या. त्या ओव्याची पोटली शेकत. ओव्यात सुगंधी तेल शेकडा तीन-चार भाग. ओव्याचे फूल म्हणजे त्या तेलातला अस्सल जहाल भाग वेगळा काढलेला. चटणीतला पुदिना आणि बाटलीतले मेन्थॉल यांत तोच फरक आहे. आणि ‘नैसर्गिक’चे म्हणाल, तर दुकानातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. झाडातला असो वा कारखान्यातला, रेणू एकच आणि मेंदूवरचा परिणामही एकच.

काही जण म्हणतील, हा माणूस सुन्नतवर बोट ठेवतोय. अजिबात नाही. काफूरचा उल्लेख कुरआनात आहे. मय्यतच्या शेवटच्या गुस्लच्या पाण्यात आपण कापूर घालतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने अत्तरे आणि अर्क काढण्याच्या कृतींचा ग्रंथ लिहिला. युनानी हकीमही वजन करूनच दवा देत. आपण त्या परंपरेचे वारस म्हणवतो आणि माप तेवढे विसरतो. हदीस कलौंजीच्या दाण्याबद्दल आहे, पण तिच्या नावावर टेबलावरची प्रत्येक बाटली खपते. दीनचे नाव घेऊन बिनलेबलची दवा विकणे हा धर्म नव्हे, धंदा आहे.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. ऊसतोडीच्या हंगामात शिरूर-दौंडच्या शिवारात कोप्या पडतात. तिथल्या सर्दीने बेजार लेकरांच्या नाकाला आणि छातीलाही हीच बाटली लागते. आरतीचा कापूर तर घरोघरी मुलांच्या हाताशी असतो.

म्हणून मागणी साधी आहे. घटक आणि प्रमाण छापलेले नसेल, तर मशिदीच्या दारात ती बाटली विकू देऊ नका. मौलानांनी जुम्याच्या बयानात दोन वाक्ये यावर बोलावीत. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाका-छातीला कापूर, मेन्थॉल, निलगिरी लावू नका; बाटली कुलपात ठेवा. मुलाने प्यायलेच तर उलटी करवू नका. 108ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

येत्या जुम्याला टेबलापाशी थांबाल तेव्हा अल्कोहोलचे जरूर विचारा. मग एवढेही विचारा: “भाई, इसमें काफूर कितना है?” उत्तर येत नसेल, तर बाटली जागेवर ठेवा.