आजीसाठी ॲम्प्लिफायर



सिडकोतल्या एका सातवीच्या मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, "बाई, आमच्याकडे बाबांचा जुना स्टिरिओ आहे. आजीला कमी ऐकू येतं. सकाळी ती अभंग लावते, पण आवाज वाढवला की नुसती खरखर. माझ्या गल्ल्यात पैसे साठलेत. मोठा ॲम्प्लिफायर घेऊ का?"

शाब्बास रे पठ्ठ्या! गल्ला फोडायचा, तोही आजीसाठी! पण जरा थांब.

आधी सांगा, ॲम्प्लिफायर करतो काय? मोबाइल किंवा कॅसेटमधून येणारा विजेचा संकेत अगदी नाजूक असतो. स्पीकरचा पडदा हलवायची ताकद त्याच्यात नसते. ॲम्प्लिफायर त्याची हुबेहूब मोठी नक्कल काढतो.

आता समजा, तुम्ही घरातल्या माळ्याखाली उड्या मारताय. लहान उडी चालेल. मोठी मारलीत की डोकं आपटलंच! ॲम्प्लिफायरलाही असा माळा असतो. त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजपेक्षा उंच लाट तो काढू शकत नाही. बटण फार फिरवलं की लाटांचे माथे सपाट कापले जातात. खरखर बहुतेक वेळा त्याचीच.

डी.एड.ला असताना मी हॉस्टेलवर हेच केलं होतं. ॲम्प्लिफायर छोटा आणि बटण शेवटपर्यंत! दुसऱ्या दिवशी ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, मुका झाला. कापलेल्या लाटांत तीक्ष्ण सूर वाढतात आणि तेच ट्विटरला जाळतात. म्हणून खरखर आली की आधी बटण मागे घ्यायचं.

मग दुप्पट वॉटचा आणला तर? आवाज वाढेल फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात! म्हणून पैसे खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करून पाहा.

पहिला उपाय खोलीचा. वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात गेलाय ना? तिथल्या कमानदार दगडी छताखाली शब्द कसा घुमत राहतो! आपल्या सिमेंटच्या रिकाम्या खोलीतही थोडं तसंच होतं. एक शब्द संपायच्या आत दुसरा त्यावर चढतो. भिंतीवर जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी अंथरा आणि स्पीकर कोपऱ्यातून काढून आजीच्या जवळ ठेवा.

दुसरा उपाय वायरींचा. स्टिरिओ बंद करून बाबांबरोबर पाहा. दोन्ही स्पीकरची लाल वायर लाल टोकालाच आहे ना? एकीकडे उलटी असेल, तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि आवाज पोकळ होतो. मात्र ॲम्प्लिफायरचं झाकण कधीही उघडू नका! प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

तिसरा उपाय आजीच्या कानांचा. उतारवयात बहुधा बारीक, तीक्ष्ण ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. 'स', 'श' निसटतात, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. बास थोडा कमी आणि ट्रेबल थोडा जास्त करून बघ. आणि आजीला एकदा कानाच्या डॉक्टरांकडे नक्की घेऊन जा. आपल्या घाटी दवाखान्यातही कान-नाक-घसा विभाग आहे.

एवढं करूनही खरखर राहिली, तर आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. तो म्हणालाच, तर खुशाल नवा घ्या. मात्र खोक्यावरच्या 'पीएमपीओ'च्या हजारो वॉटना भुलू नका, तो फुगवलेला आकडा असतो. 'आरएमएस' वॉट विचारा. स्पीकरच्या पाठीमागे ४ किंवा ८ ओहम लिहिलेलं असतं, ते ॲम्प्लिफायरला चालतं का, तेही विचारा.

आणि हो मित्रा, आजीला अभंगातला कोणता शब्द नव्याने ऐकू आला, ते मला जरूर कळव. गल्ला तोवर राहू दे फळीवर!

तुमची,
बाई