होशेयाचा धाक आणि मरणाची नांगी

मरणाचा शेवटी पराभव होईल, या ख्रिस्ती आशेचा मुख्य आधार म्हणजे पौलाने इ.स. 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 15वा अध्याय. दिल्लीच्या ख्रिस्ती कब्रस्तानांत 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, थडगी धुऊन झेंडूची फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात, त्यामागे हीच आशा असते.

पूर्वपक्ष तिच्या मुळावर घाव घालतो. नांगी कुठे गेली, असे पौल मरणाला हिणवतो. पण ते शब्द ज्याचे, तो होशेय (13:14) धीर देत नाही, धाक घालतो. तो मरणाला शिक्षेसाठी बोलावतो आणि दया उरली नसल्याचे लगेच बजावतो. मग पौलाने वचन उलटेच केले!

आक्षेपात तथ्य आहे. यहेज्केलाच्या सुक्या हाडांचेही (37) तसेच: ती हाडे म्हणजे बंदिवासात खचलेले इस्राएल, असा खुलासा तो अध्यायच करतो. तीच पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून पुढे करणारे प्रचारक आपली बाजू लंगडी करतात.

पण पौल होशेयाकडे यशयाच्या (25:8) वाटेने येतो, हे आक्षेपक विसरतो. यशयाच्या मेजवानीत देव मरणाला गिळून टाकतो. कनानी कथेत नेमके उलट होते. 1929 पासून उगारीत येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर मोत, म्हणजे मृत्यू, जबडा पसरतो आणि बआल देव त्याच्या घशात उतरतो. गिळणाराच गिळला गेला, ही यशयाची झेप. त्यानंतर होशेयाचा धाक मरणाचीच टर उडवू लागतो. येशू मेलेल्यांतून उठला, यावर हे सारे उभे आहे; ते ज्याला अमान्य, त्याला हे वाचन पटणार नाही. पण मग त्याचा वाद पुनरुत्थानाशी आहे, होशेयाच्या अर्थाशी नाही.

माणसे तर अजून मरतातच, हा दुसरा आक्षेप हलका आहे. पौलच मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो (15:26). विजय यायचा आहे. तारीख तो देत नाही. ती अमेरिकेत प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी दिली, आणि 22 ऑक्टोबर 1844 नेहमीसारखाच मावळला.

उरला साम्राज्याचा विजय, ज्याला देवाचाच विजय मानले गेले. काश्मीरी गेटजवळच्या कब्रस्तानाला ज्याचे नाव आहे तो ब्रिटिश सेनानी जॉन निकल्सन दिल्लीवरील हल्ल्यात जखमी होऊन 23 सप्टेंबर 1857 ला मेला. दिल्लीत स्त्रिया-मुलांचा खून करणाऱ्या बंडवाल्यांना हालहाल करून मारण्याची मुभा देणारा कायदा त्याला हवा होता. दिल्लीचा पाडाव अनेक इंग्रजांना ईश्वरी न्याय वाटला. पौलाच्या लेखी मात्र शेवटचा शत्रू मरण आहे, दिल्लीकर नव्हेत. निकल्सनच्या कबरीभोवती तान्ह्या मुलांची थडगी आहेत. त्यांच्यासाठी धरलेल्या आशेला त्या फतेचा आधार लागत नाही.