गाडी ऑइल पितेय? आधी धूर बघा, बॉस!

रविवारची सकाळ. बाबांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमची १९८५ची पद्मिनी स्टार्ट केली आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा असा काही लोट आला, की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी डासांची फवारणी आली समजून धडाधड खिडक्या लावून घेतल्या. आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो. उतरायची सोयच नव्हती!

टेन्शन धुराचं नव्हतंच. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं आणि आमची तारीख दोन महिन्यांवर आली होती. असा धूर सोडणारी गाडी तपासणीला न्यायची कुठल्या तोंडाने? जवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला, ‘रिंगा गेल्यात. फुल इंजिनकाम निघणार.’ आकडा माझ्या दोन महिन्यांच्या ईएमआयएवढा. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘देऊन टाकू या रे आता.’ ज्या माणसाने मला मांडीवर बसवून स्टीअरिंगवरचा गिअर टाकायला शिकवलं, त्याच्या तोंडून हे ऐकवेना.

मग मी एका जुन्या मिस्त्रीकाकांना गाठलं. काळ्यापिवळ्या टॅक्सींची इंजिनं खोलण्यात त्यांची हयात गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, पण काकांच्या हातातलं ज्ञान कुठे जातंय? त्यांनी पान्याला हातही लावला नाही. मला म्हणाले, ‘आधी मोजून आणा साहेब. मग बोलू.’

फंडा नंबर एक : मोजा

‘खूप ऑइल खाते’ म्हणजे किती? सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून बघा आणि वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. खुणेच्या वर मात्र नको. जास्त भरलेलं ऑइल इंजिन स्वतःच बाहेर फेकतं किंवा जाळतं, आणि आपण उगाच रिंगांना शिव्या घालत बसतो. मग किलोमीटर लिहून ठेवा आणि प्रत्येक टॉप-अप मापाच्या कपाने करा. आम्ही ठाणे-पुणे-ठाणे अशा दोन चकरा मारल्या. ६०० किलोमीटरला ६०० मिली, म्हणजे हजाराला लिटर. म्हाताऱ्या इंजिनाने थोडं ऑइल पिणं चालतं, पण इतकं म्हणजे ‘लक्ष द्या’ची घंटा.

फंडा नंबर दोन : पितेय की सांडतेय?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडलेत ते बघा. आमच्याकडे पुठ्ठ्यावर रुपयाएवढे दोन ठिपके आणि इंजिनाच्या कुशीवर ओघळ. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन गळत होतं. म्हणजे थोडं ऑइल जळत नव्हतंच, वाहत होतं!

फंडा नंबर तीन : धूर कधी येतो?

सगळ्यात भारी डिटेक्टिव्हगिरी इथे आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, कार्ब्युरेटर नाहीतर चोक बघा. गाडी गरम झाल्यावरही पांढरी वाफ येतच राहिली तर पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केटवर संशय. आणि निळा म्हणजे ऑइल.

पण निळा *कधी*? अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येतो आणि चढावर वाढतच जातो, तर बहुधा रिंगा आणि बोअर. सकाळी स्टार्ट करताना एक लोट येऊन थांबतो, तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड आणि सील. रात्रभर वरचं ऑइल झिजलेल्या गाइडमधून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. खात्री करायची तर एक घाट उतरा. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून गिअरमध्ये उतरताना इंजिन आतून जोरात हवा ओढतं आणि सैल गाइडमधून ऑइलही खेचतं. आम्ही खंडाळ्याचा घाट उतरलो, खोपोलीला अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि आरशात मागचा टेम्पोच गायब! शेजारी बाबांनी हळूच हात जोडले, टेम्पोवाल्याला उद्देशून.

फंडा नंबर चार : कॉम्प्रेशन

काकांनी आता कुठे पाना उचलला. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशनची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच-सहा वेळा सेल्फ मारायचा. १०८९ सीसीच्या आमच्या इंजिनाचे आकडे आले १२५, १२०, १२२ आणि ११८ पीएसआय. चौघांमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असता तर गडबड होती. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून तीच टेस्ट पुन्हा. हे ऑइल रिंगांच्या फटी थोडा वेळ बुजवतं. आकडा टुणकन वर गेला तर रिंगा ढिल्या. आमचा जेमतेम चार-पाचने हलला. म्हणजे ज्या रिंगा ‘गेल्या’ म्हणून आम्ही गाडी द्यायला निघालो होतो, त्या मजेत होत्या!

इथे एक लोचा आहे, तोही काकांनीच सांगितला. कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात. खालची ऑइल रिंग कार्बनने चिकटली असेल तरी गेज छानच दिसतं. म्हणून एकट्या गेजवर विसंबायचं नाही. धूर, प्लग आणि गेज, तिघांची साक्ष जुळली पाहिजे. आमची जुळली. चढावर धूर नाही, उतारानंतर हमखास.

शेवटी त्यांनी ब्रीदरची नळी काढून दाखवली. आत काळा चिखल. इंजिनात साठणारा दाब या नळीतून बाहेर पडतो. ती तुंबली की दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. टॅपेट कव्हर गळायचं अर्धं कारण तिथेच होतं. साफ करायला लागली वीस मिनिटं आणि थोडं रॉकेल.

मग हेड उतरवलं, गाइड आणि सील बदलले, नवं पॅकिंग लावलं. बोअरला हात नाही, पिस्टन जागच्या जागी. ऑइलही बदललं. मी ‘एकदम मॉडर्न’ म्हणून हौसेने भरलेलं पातळ ५डब्ल्यू-३० काढून काकांनी २०डब्ल्यू-५० भरलं. ‘म्हाताऱ्या माणसाला नव्या फॅशनची जीन्स कशाला?’ म्हणाले. बिल आलं गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या पाव हिश्शापेक्षाही कमी.

नंतरच्या ६०० किलोमीटरला लागलं १२० मिली. रजिस्ट्रेशनही झालं. आता डिपस्टिक बघायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. दर रविवारी, हातात फडका आणि खिशात छोटी डायरी. विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही.

तेव्हा मंडळी, कुणी बॉनेट न उघडता ‘इंजिनकाम’ म्हणालं, तर गोड हसा आणि घरी जाऊन पुठ्ठा शोधा. आणि हो, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडक्या हल्ली रविवारीही उघड्या असतात!