‘स्ट्राँग’ इंजेक्शनचा हट्ट कशाला?

“डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या आणि एकदाचं झोपवून टाका!” घरातला माणूस आरडाओरडा करतोय, अंगावर धावून येतोय, चौघांनी धरून आणलाय. अशा वेळी नातेवाईक हेच म्हणतात. तुमची घालमेल समजते. पण इंजेक्शन निवडण्याचं माप ‘स्ट्राँग’ हे नाही, आणि ‘महाग’ हे तर मुळीच नाही.

या औषधांची समोरासमोर तुलना आपल्याच देशात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन ही जुनी, स्वस्त जोडी लोराझेपामपेक्षा लवकर लागू पडली. २००७ साली ३०० रुग्णांत तिच्यासमोर नवं ओलान्झापिन ठेवलं. पंधरा मिनिटांत दोन्हींचा गुण सारखाच. पण पुढच्या चार तासांत पुन्हा औषध द्यावं लागण्याची वेळ ओलान्झापिनवाल्यांवर जास्त आली.

माझा खरा राग आहे तो नुसतं हॅलोपेरिडॉल टोचण्याच्या सवयीवर. त्याने काही रुग्णांची मान वाकडी होते, जबडा आखडतो, डोळे वर खेचले जातात. पूर्ण शुद्धीत हे भोगलेला माणूस पुढे औषधाला हात लावत नाही, आणि आपण मात्र म्हणतो, ‘हा ऐकतच नाही!’ रिओ द जानेरोत ३१६ रुग्णांवर हीच तुलना झाली, तेव्हाही एकटं हॅलोपेरिडॉलच तोट्यात निघालं. प्रोमेथाझिन म्हणजे तुमच्या ओळखीचं, ॲलर्जीवरचं फेनरगन. ते सोबत दिलं की हा त्रास बहुधा टळतो. मग ते का वगळायचं? केवळ सवय म्हणून?

दुसरी अशीच सवय म्हणजे डायझेपाम स्नायूत देणं. तिथून ते हळू आणि कमीजास्त शोषलं जातं. मिडाझोलाम वेगवान आहे, पण श्वास मंदावू शकतो. ओलान्झापिन आणि लोराझेपामची इंजेक्शनं एकापाठोपाठ देणंही टाळावं. रक्तदाब आणि श्वास दोन्ही घसरू शकतात.

लोराझेपाम वाईट नाही बरं का. दारू अचानक तुटल्यामुळे माणूस बिथरला असेल तर तेच योग्य. म्हणून दारूची गोष्ट लपवू नका. मधुमेह, फिट्स, हृदयविकार, ताप, डोक्याला लागलेला मार, सगळं सांगा. साखर घसरली असेल तर उपाय ग्लुकोज आहे, गुंगी नव्हे.

आणि विचारा: नुसतं हॅलोपेरिडॉल देताय का? नंतर श्वास, नाडी, रक्तदाब कोण बघणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तातडीच्या उपचारातही रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. इंजेक्शन देऊन लगेच “न्या घरी, झोपू द्या” म्हणाले, तर निघू नका. तिथेच बसा.